सखूबाईची न्हाणी

न्हाय, पण मी म्हणतो, सहा फुटाच्या न्हाणीला एवढा इचार लागतो व्हय? अहो, विहीर खांदताना माणूस एवढा इचार करत न्हाय! पाणाड्या येतो, तळहातावर नारळ धरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो खांदा हितं, संपला विषय. आणि आमचा बब्रुवान मिस्त्री, तुम्हाला सांगतो, नऊ दिवस त्या कोऱ्या भितीपुढं कानाला पेन्सिल लावून उभा! नऊ दिवसांत देवीचे घट बसून उठतात हो... ह्याची एक फरशी भितीला चिकटली न्हाय.

आता तुम्ही म्हणाल, शिवराज, तुझं काय दुखतंय? दुखतंय ना! नळाचं काम माझ्याकडं व्हतं. पाइप बसवला, म्हणला सरकव. सरकवला. म्हणला, आणिक दीड इंच. का? तर नळ बरोब्बर दोन फरशांच्या सांध्यावर यायला पायजे म्हणं! पाण्याला काय कळतंय का हो, आपण मधोमध पडतोय का कडंला पडतोय? तीनदा भिंत फोडली मी, तीनदा! पण बब्रुवानाला बोलायची सोय न्हाय. आमच्या ढोकी गावात तर हायच, पार नळदुर्गापर्यंत त्याचं नाव. कशामुळं? तर त्याच्या भितीत कापलेला तुकडा डोळ्याला लागत न्हाय. अख्खी फरशी नजरेपुढं, तुकडा दाराआड न्हायतर तळाला. बोटभर चिपटी कुठं उघडी पडली की ह्याला जेवण जात न्हाय. दर कामावर एकच मंत्र, "कट दिसला न्हाय पायजे." लोकंबी खूश. नळदुर्गचा एक ढाबेवाला तर म्हणायचा, मिस्त्री, आमच्या बाथरूमात उभं राहिलं की परमुलखात आल्यागत वाटतंय बघा!

आणि ह्या माणसाच्या सोत्ताच्या घरी? मागच्या अंगणात एक दगड, तीन बाजूंनी पत्रा, वर आभाळ. तीस वर्षं त्याची बायको सखूबाई त्या दगडावर बसून आंघोळ करती. बोलली व्हती हो ती, न्हाय असं न्हाय. हा म्हणायचा, करू की, एवढं हातातलं काम होऊ दे. आता हातातलं काम कुणाचं कधी संपलंय का? औंदा पोळ्याच्या तोंडावर बाईच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, मान खाली लवंडली, जिभेवर शब्द चढंना. त्यात शेजाऱ्यानं नवा स्लॅब टाकलेला, गच्चीवर कोणबी आलं की खालचा दगड उघडा. धडधाकट व्हती तेव्हा ती पहाटंच उरकून घ्यायची. आता दुसऱ्याच्या हातानं, भर उजेडात, लोकांच्या नजरंखाली? अडखळत का व्हईना, तिनं साफ सांगितलं, घरात न्हाणी होईस्तवर आंघोळ न्हाय. शेजारच्या बायांनी येऊन नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. बघवत नव्हतं हो.

लेक ज्ञानेश्वरी, तिला ईट गावात दिलीय, दिवाळीच्या सुट्टीत आली पंधरा दिवस, आईचं करायला. पंधरा दिवसांनी तिच्या लेकरांची शाळा. म्हणजे न्हाणी व्हायची ती ह्या पंधरा दिवसांत, आणि लेकीच्या हातनं बाईला एक तरी धड आंघोळ मिळायची तीबी ह्याच पंधरा दिवसांत. एवढं साधं गणित, पण ते मिस्त्रीला कोण सांगणार?

त्यानं काय करावं? सोलापुरातनं दोन बाय चारच्या फरशा आणल्या. एकेक फरशी म्हणजे दाराची फळीच! पांढऱ्याफेक, मधनं राखाडी रेघा. अंगणात मांडायचा, उचलायचा, फिरवायचा, ह्या फरशीची रेघ त्या फरशीच्या रेघंला जुळवायचा. मधी अख्खी घेऊ का मधी सांधा आणू? वरनं खाली येऊ का खालनं वर जाऊ? पट्टीवर खुणा, भितीवर खुणा, तळहातावर खुणा... मला कळत व्हतं हो. तीस वर्षं बायकोला दगडावर बसवलं, त्याची भरपाई करायची व्हती त्याला, आणि ती तोंडानं करता येत नव्हती. ज्ञानेश्वरी रोज चहा आणून द्यायची आणि इचारायची, "आबा, लावताव कवा?" हा भितीवरची नजर काढायचा न्हाय. "लावतो गं. कट दिसला न्हाय पायजे."

दहाव्या दिवशी ठरलं बाबा एकदाचं. दाराच्या सात फुटी चौकटीच्या माथ्याशी ओळ धरायची आणि खाली यायचं. दोन-दोन फुटाच्या तीन ओळी, मधी अख्खी फरशी, दोन्ही कडंला फूट-फूट. तळाला उरतो एक फूट, त्यात जमिनीचा उतार, तिथं कापलेलं बसवायचं, बादलीमागं. सगळेच मिस्त्री असंच करतात. पण झालं काय, घाई तर आता झालेली, तिसऱ्या ओळीला एक अख्खी फरशी हातातनं निसटली आणि तिचं झालं खापर. सोलापूरच्या दुकानाला फोन लावला, तर तो म्हणतो, तो माल संपला मिस्त्री, पंधरा दिवसांनी बघू. इकडं लेक जायला तीन दिवस. मग काय, तळासाठी ठेवलेली फरशी वर गेली आणि उरल्यासुरल्यातनं तळ भागवला. सहा फुटात पाच तुकडं! एकाची रेघ निघाली लातूरला, दुसऱ्याची निघाली सोलापूरला. मी म्हणलं, मिस्त्री, हे? म्हणला, बादलीमागं कोण बघतंय, जरा उभं राहून बघ की. राहिलो उभा. देवाशपथ, एकच शिळा उभी केल्यागत भिंत! मलाबी काय वावगं दिसलं न्हाय. मी नळवाला, ह्यो मिस्त्री, दोघं शहाणे उभे राहून भिंत बघतोय आणि खूश व्हतोय.

चौदाव्या दिवशी ज्ञानेश्वरीनं आईला धरून आत नेलं, बुटक्या स्टुलावर बसवलं, ऊन ऊन पाणी घातलं. बब्रुवान दाराबाहेर पाठ करून उभा. धुतलेला सदरा घातला व्हता हो त्यानं, सोयरीक जमवायला निघाल्यागत! मी अंगणात सामान गोळा करत व्हतो. ह्याला काय राहवंना. शेवटी त्यानं इचारलंच, कशी झालीय म्हणून.

आत पाणी पडायचं थांबलं. बाईला एकेक शब्द येचून आणावा लागतो. म्हणली, "वर... चांगलं आसंल. मला... तुकडंच दिसत्यात."

झालं! टोमणा न्हाय, राग न्हाय. मान लवंडलेली, बसलेली बाई, डोळ्यापुढं जे व्हतं ते तिनं सांगितलं.

तिला बाहेर नेल्यावर ह्यो गडी आत गेला आणि त्या ओल्या स्टुलावर बसला, धुतल्या सदऱ्यासकट. उठंचना. मी डोकावलो तर म्हणला, "शिवराज, तीस वर्षं मी उभ्यानंच मापं घेतली रं." आणि एकेक घर आठवायला लागला. त्या ढाबेवाल्याची आई, साखर कारखान्याच्या ऊसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयची सासू, गावोगावच्या म्हाताऱ्या, बाळंतिणी... आपल्याकडं ह्या बाया उभ्या राहून आंघोळ करतात व्हय? सगळ्या बसून! आणि सगळ्यांच्या तोंडापुढं ह्यानं मोजून-मापून, सूत धरून, तुकडंच लावलेलं. एकीनं चकार शब्द काढला न्हाय. त्यांना वाटलं आसंल, भिंत असतीच अशी. मला लई वाईट वाटलं, खरं सांगतो. माझी आईबी बसूनच करायची आंघोळ, आणि तिच्यासाठी मी नळ कुठं काढला व्हता ते मी आता तुम्हाला सांगत न्हाय, जाऊ द्या.

उठला आणि हातोडी घेतली की हो त्यानं! ज्ञानेश्वरीनं मनगट धरलं. "आबा, फोडलं तर तुमी परत नऊ दिवस इचार करताव. मी उद्या चाललेय. आईनं कुठं करायची आंघोळ?" खाटेवरनं सखूबाईनं डावा हात हलवला, राहू द्या म्हणून. राहिलं.

लेक गेली. एसटी फाट्यावरनं वळली, हा घरी आला, आणि तेव्हा ह्याच्या ध्यानात आलं की आता पाणी तापवायचं कुणी. जन्मात ज्यानं बायकोच्या हातात साधा पंचा दिला न्हाय, तो साठीचा गडी आता रोज तिला उचलून आत नेतो. साबण तिच्या डोळ्यात जातो, पाणी एक तांब्या चटका, एक तांब्या गारढोण. सगळं चुकतं. पण एक गोष्ट नेमानं करतो. तिला स्टुलावर बसवलं की सोत्ता तिच्यापुढं फतकल मारून बसतो, भितीला पाठ लावून. तिच्या नजरंपुढचं तुकडं सगळं पाठीआड! पार भिजतो, शिंकतो, पण हलत न्हाय. कट दिसला न्हाय पायजे!

परवा फाट्यावर चहाला भेटला. मी म्हणलं, मिस्त्री, आता तरी वहिनी समाधानी असतील. म्हणला, कशाची समाधानी रं? आठ दिवस माझ्याकडं नुसती बघत बसली, आणि काल एकेक शब्द येचून म्हणली, "तुमच्या... तोंडापरीस... तुकडंच बरं व्हतं."

सांगताना हसत व्हता, डोळं भरून आलेलं. मी इचारलं, मग आता वो? अर्धा चहा तसाच ठेवून उठला, पाणी तापलं आसंल म्हणला, आणि जाता जाता वळून म्हणला, "आता काय करतो बाबा. तोंड काय कापून तळाला लावता येतंय व्हय?"