नावेतल्या आंघोळी

गुणाबाई: हात फिरवा अजून. तिथं न्हाई, डाव्या फळीच्या बुडाला.

शेषेराव: फिरवला की. कोरडं ठक्क हाय.

गुणाबाई: अन् म्होरं, तोंडाशी?

शेषेराव: तोंडाशी आत्ताच न्हाई बघत. नाव पान्यात उतरून इडी वढायाइतका येळ तरी होऊ दे. पानी तिथूनच येनार हाय, ठावं हाय मला.

गुणाबाई: शुभ बोल रे नाऱ्या. आख्खं गाव काठावर हुबं हाय, अन् ह्यांचं हे.

शेषेराव: म्हनून तर धाकधूक होऊन राहिली. पारावर जबान देऊन बसलो ना मी, थेंब जरी आत आला तर फळ्या उचकटून दाराच्या चौकटी करीन, अन् नांदेडला तुझ्या भावाच्या हाटेलात कपबश्या इसळीन.

गुणाबाई: कुनी मागितली होती जबान? माझ्या बापाची नाव हाय ही. गोदावरीत जल्मली, शिडावर धर्माबादपतूर जाऊन आली. लातूर जिल्हा झाला त्या साली आपलं हे तळं भरलं, तवा टरकात घालून आनली हितं. तिच्या चौकटी करता?

पंचशीला: मावशी, येऊ का आत? का भांडण मिटल्यावर येऊ?

गुणाबाई: ये पोरी. मिटायची वाट बघशील तर तुजी लेक सासरी जाईल. दे तिला हिकडं. ही बघ, हिच्या जागंवर टाकते, तोंडाशी, बारदान्यावर.

शेषेराव: थांब गं पंचशीला. अजून भरवसा न्हाई नावंचा. तू जीपनं जा.

पंचशीला: जीप तळ्याला वळसा घालून जाते काका, दुपार होते. आज शाळेवर हजर व्हायचंय मला. बाळंतपणाची रजा संपली. पलीकडच्या काठावर शाळा दिसतेय, अन् मी अर्धा जिल्हा फिरून जाऊ?

शेषेराव: मग बुडालीस तर मला बोल लावू नको.

पंचशीला: बुडत नाही. ऐक गं ठमे, तुझे शेषेरावआजोबा काय म्हणतात ते. नावेला भरवसा नाही म्हणतात. दोन सालं पाऊस नव्हता, तळं आटलं, नाव चिखलात वाळत पडली, तेव्हा हे कुठं होते ते विचार.

शेषेराव: वावरात होतो. दडवून काय करू?

गुणाबाई: सांगा की नीट. तळ्याखाली गेलेलं वावर उघडं पडलं, अन् ह्यांना देव भेटल्यागत झालं. हिकडं नावंच्या फळ्या आकसून फटीत बोट जाऊ लागलं, अन् हे आपले हरभरा पेरून राहिले.

शेषेराव: बापजाद्याचं वावर हाय ते. सरकारनं घेतलं म्हनून काय माती वळख इसरती? तिनं दिला बी हरभरा. तू खाल्लास.

गुणाबाई: खाल्ला. गोड होता. पर नाव मेली असती तर पानी आल्यावर काय हरभऱ्यावर बसून पलीकडं गेलो असतो?

पंचशीला: मला तो दिवस आठवतोय मावशी. बैलं जुंपून नाव वर गावात आणलीत, टँकर थांबतो तिथं, अन् म्हणालात, आजपासून ज्याला आंघोळ करायची त्यानं नावेत बसून करायची.

गुणाबाई: मग काय करू? फळी भिजली तर फुगती, फुगली तर शेजारनीला धरती. राळ-कापूस मी भरला फटीत, पर भिजवायला पानी कुठलं? प्यायाला घागर मिळंना. म्हनलं, गाव आंघोळ तर करतंच तांब्याभर पान्यात. ते मातीत कशाला जिरवायचं?

शेषेराव: गावभर हसं झालं माझं. श्रीमंत पाटील बारदान्याच्या पडद्याआड धोतर नेसून बसले, नवरदेवावानी. त्यात म्हनं मधी दोरी बांधा, आमची आंघोळ अल्याड, बाकीच्यांची पल्याड.

गुणाबाई: बांधली की दोरी. म्हनलं, पाटील, दोरी वर हाय, पानी बुडाला जाऊन एकच होतंय. आठ दिसांनी त्यांनीच सोडली, धोतर वाळू घालायला.

पंचशीला: पण तोंडाशी घोटाळा झाला.

शेषेराव: झाला म्हंजे? तुझ्या मावशीच्या मैतरनीनं केला. केवळाबाईनं तोंडाला कुंकू लावलं. दुसऱ्या दिशी नारळ. तिसऱ्या दिशी लोक चपला काढून पाया पडाय लागले. मंग देवीम्होरं आंघोळीचं पानी कोन टाकनार? समदी नाव फुगली अन् देवी तेवढी वाळत बसली. म्या वाकून बघितलं तर फटीतून मला खाली तळ्यातला माझा हरभरा दिसला.

गुणाबाई: तवाच म्हनलात ना, तोड हिला.

शेषेराव: हाव, म्हनलो. खोटं कशाला बोलू? मनात आलं, बरंच झालं. नाव न्हाई तर तळ्याचं नाव न्हाई. वावरच ऱ्हाऊ दे.

गुणाबाई: अन् त्याच हप्त्यात ही ठमी जल्मली. म्या तिला घेतलं, नावंच्या तोंडात पाय लांब करून बसले, अन् पायावर पालथी घालून न्हाऊ घातली.

पंचशीला: केवळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, देवीवर? अन् ह्या लेकराचं?

गुणाबाई: म्हनलं, देवी बाईच हाय ना? बाईला लेकराच्या पान्याचा इटाळ कवापासून व्हायला लागला? तरातरा गेली घरी. रातभर तळमळली आसंल. सकाळी बघते तर नातवाला घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. मंग काय, गावातलं एकेक तान्हं तोंडाशी न्हाऊन गेलं.

पंचशीला: काका, आता तरी बघा. बराच वेळ झाला.

शेषेराव: बघतो. सरक जरा. लेकराला उचलू नको, झोपलंय. बाजूनं हात घालतो.

(शेषेराव बारदान्याखाली हात घालतो. काठावरचे लोक पुढं सरकतात.)

गुणाबाई: काय झालं?

शेषेराव: ओलं लागतंय.

गुणाबाई: कुठं?

शेषेराव: बारदान्याखाली. लई ओलं हाय गुणा. म्या म्हनलं होतं. म्या समद्यांदेखत म्हनलं होतं.

गुणाबाई: काढा हात. दावा मला. अवं, हे कोमट हाय.

शेषेराव: मंग?

गुणाबाई: तळ्याचं पानी कोमट आसतंय व्हय? वास घ्या हाताचा.

पंचशीला: अगं बया. ठमे, हे काय केलंस.

गुणाबाई: अजून लागून राहिलंय ओलं? बारदाना उचला. फळीवर फिरवा हात. फिरवा की.

शेषेराव: फळी कोरडी हाय. सांध्यात बी कोरडं हाय. गुणा, एक थेंब न्हाई.

गुणाबाई: मंग वरडून सांगा काठावर. जबान बी वरडूनच दिली होती.

शेषेराव: ऐका हो, नाव कोरडी हाय. जे ओलं हाय ते पंचशीलाच्या लेकीचं हाय.

पंचशीला: आता काय हसताहेत. पाटलांनी तर फेटा उडवला बघा.

गुणाबाई: हसू द्या. दोन सालं हसलं न्हाई गाव. दोर सोडा, शीड वर घ्या. वारं पलीकडंच चाललंय. ह्यो हंगाम आता होळीपतूर आपला. आज बाप जित्ता पायजे होता बघायला.

शेषेराव: त्यो बघून राहिला आसंल. तूच धर सुकानू, तुझ्या बापाची नाव हाय.

पंचशीला: काका, पाण्यात काय बघताय?

शेषेराव: काय न्हाई. ह्यो आपला बांध. हितं लिंब होता. जरा म्होरं हिर हाय.

गुणाबाई: जीव तुटतोय का?

शेषेराव: तुटतोय की. पर तू हाक नाव.

पंचशीला: काका, शाळा सुटल्यावर न्यायला याल ना? का नांदेडला जाताय कपबश्या धुवायला?

शेषेराव: येतो की. रोज येतो. माझं वावर वाटंतच हाय.