ठकीचं वजन

परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्यापुढं एक सून आणि तिचे सासरे नंबर लावून बसले होते. सुनेच्या मांडीवर टोपलीत मांजर, सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ.

"मामा, खरं सांगा. मी ठकीला कच्चं चिकन काट्यावर मोजून देते, तरी महिन्यात अर्धा किलो वाढली."

"काटा बिघडला असंल."

"नवा हाय काटा. तुमी काय देता तिला?"

"मी माळकरी माणूस. त्या चिकनला हात तरी लावीन का?"

"चिकनचं कुठं विचारायलेय मी?"

"घासभर दूध-भाकर देतो."

"घासभरच?"

"वरून जरा तूप."

"दोन्ही येळंला?"

"जेवायला बसलो की समोर येऊन बसती. तिच्यादेखत एकट्यानं कसं खावं?"

"एकटं कशाला? आमी सगळे घरातच असतो की."

"तुमी आत असता. हिचं चिकन फ्रिजात आलं तवापासून माझं ताट ओसरीवर हाय."

"ते तुमीच म्हणलात, मामा. आमी न्हाई."

"मीच म्हणलो. तुमाला कुठं बोल लावायलोय?"

तेवढ्यात कंपाउंडरनं हाक मारली. ठकीला काट्यावर ठेवलं. साडेसहा किलो.

"लय झालं. काय खाऊ घालता हिला?"

"चिकन," सून म्हणाली.

"तेवढंच?"

सुनेनं सासऱ्यांकडं बघितलं.

"आजपासून तेवढंच," सासरे म्हणाले. "आन् पोरी, मी जेवायला बसलो की हिला आत कोंडत जा."