फराळाचं पुस्तक

सुमेधा : पण नेमकं फराळाचंच पुस्तक का दिलंस, ऋजुता?

ऋजुता : आई, तुम्हीच म्हणालात ना, पुस्तक आदानप्रदानाला नको असलेली पाच काढ म्हणून? ते एकदम खालच्या कप्प्यात पडलेलं. लग्न होऊन मला चार वर्षं झाली, कुणी उघडलेलं बघितलं नाही. आणि भाजणीचं प्रमाण तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगाल.

सुमेधा : कधी दिलंस?

ऋजुता : सकाळीच. मुकुल ऑफिसच्या आधी पिशवी आदानप्रदानाच्या हॉलवर देऊन आला. तेवढीच दुसरी पुस्तकं आणायला पाच कूपनं मिळाली, ती बाबांना दिली. अहो, बसा ना तुम्ही. चेहरा कसा झालाय. दुसरं आणू आपण, यूट्यूबवर तर सगळंच असतं.

सुमेधा : त्यात फराळ नाहीये.

ऋजुता : म्हणजे?

सुमेधा : कव्हर फराळाचं आहे. आत एक जुनं प्रवासवर्णन आहे. तुझे सासरे सगळ्या पुस्तकांना जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालतात आणि पाठीवर स्केचपेनने नाव लिहितात, तुला माहीतच आहे. मी कव्हरांची अदलाबदल केली. खरं फराळाचं माझ्या साड्यांच्या कपाटात आहे.

ऋजुता : पण का?

सुमेधा : यांनी हात लावू नये म्हणून. हे घरातलं प्रत्येक पुस्तक चाळतात, फराळाचं तेवढं सोडून. ह्यांना चकली फक्त ताटात माहीत.

ऋजुता : आणि प्रवासवर्णनात लपवण्यासारखं काय आहे, आई?

सुमेधा : मी त्यात लिहिते. समासात, पेन्सिलीने. ते लिहिणारी बाई एकटीच डोंगर चढत असते, काही ना काही बोलत असते, मला उत्तर द्यावंसं वाटतं. मग माझंही काहीबाही लिहून होतं. कोरी वही समोर घेतली की मला ओळ सुचत नाही. रविवारी सकाळी हे मंडईत गेले की सगळं खोडते आणि सोमवारी पुन्हा सुरू करते. सात वर्षं चाललंय.

ऋजुता : सात वर्षं? आणि बाबांना पत्ता नाही?

सुमेधा : मुकुलने शाळेत असताना एका पुस्तकात रेघ मारली होती, तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. मी कुठल्या तोंडाने सांगू? आज शनिवार. या आठवड्याचं खोडायचं राहिलंय.

ऋजुता : आई, एक विचारू? माझ्याबद्दल आहे का काही? असेल तर सांगून टाका, मी वाईट नाही वाटून घेणार. म्हणजे घेईन, पण दोन दिवसच.

सुमेधा : नाही गं बाई. तुझ्याबद्दल मार्चमध्ये होतं, ते खोडलं.

ऋजुता : मग एवढं घाबरायला काय झालं? नाव तर नाही ना लिहिलंय?

सुमेधा : हे कुठे गेलेत?

ऋजुता : बाबा? हॉलवरच. अकराला गेलेत कूपनं घेऊन. आई, सांगा ना. काय लिहिलंय त्यात?

सुमेधा : सोमवारी आंघोळीच्या वेळी काखेपाशी गाठ हाताला लागली. ते लिहिलं. मंगळवारी एकच पान तीनदा वाचलं, तेही लिहिलं. बुधवारी लायब्ररीत जाते सांगून डॉक्टरांकडे गेले. गुरुवारी त्यांनी सुई घालून तपासायला घेतलं. मग मी कुठल्या पायरीवर बसले, कुठल्या रिक्षाने आले, सगळं त्या समासात आहे. काल फक्त दोन शब्द लिहिले.

ऋजुता : कुठले?

सुमेधा : भीती वाटते.

ऋजुता : रिपोर्ट कधी आहे?

सुमेधा : सोमवारी अकराला, माजिवड्याला डॉक्टरांकडे. तेही लिहिलंय.

ऋजुता : आणि तुम्ही एकट्या जाणार होतात? मी इथे भाजी निवडत बसले असते?

सुमेधा : प्रमोदिनीवन्सं ह्याच्यातच गेल्या. यांची पाठची बहीण. त्यांचं दुखणं निघालं तेव्हा यांनी सहा महिने पुस्तक उघडलं नव्हतं. सगळी पुस्तकं चादरीखाली झाकून ठेवली होती. मला ते परत बघायचं नाही. सोमवारी काही निघालं नसतं तर कुणाला कळायचंच नव्हतं.

ऋजुता : आणि निघालं तर?

सुमेधा : पुढचं पान कोरं आहे. तिथवर मी आलेच नाही गं. तू फोन कर ना हॉलवर.

ऋजुता : करते. हॅलो, मी वर्तकनगरमधून बोलतेय. सकाळी आमचं एक पुस्तक चुकून आलंय. कॅलेंडरचं कव्हर, पाठीवर दिवाळी फराळ. हो, बघा ना प्लीज... बरं. कुणी, आठवतंय का? नाही? ठीक आहे. आई, तासाभरापूर्वी कुणीतरी उचललं. गर्दी होती म्हणे.

सुमेधा : म्हणजे आता ते कुणाच्या तरी घरात आहे.

ऋजुता : अनोळखी माणूस आहे आई. त्याला काय कळणार कोण ते.

सुमेधा : अनोळखी असला तर बरंच.

(दाराची बेल वाजते.)

हरिहर : आधी चप्पल काढू दे. ऋजुता, पाणी दे गं. पाच कूपनं होती, चार परत केली. हे एकच आणलं.

ऋजुता : बाबा, हे तर आपलंच आहे.

हरिहर : टेबलावर लांबूनच ओळखलं. पाठीवरचं अक्षर माझं. म्हटलं, सणावाराचं पुस्तक घराबाहेर कशाला जाऊ द्यायचं.

सुमेधा : उघडलं नाहीत ना?

हरिहर : तिथे खिडकीजवळ बाक होतं. बसलो जरा वेळ.

सुमेधा : किती वेळ?

हरिहर : शुक्रवारपर्यंत.

सुमेधा : द्या इकडे. खोडरबर आण गं ऋजुता. आताच खोडून टाकते. पुस्तकात लिहिलेलं तुम्हाला चालत नाही, मला माहीत आहे.

हरिहर : नाहीच चालत. पण या वेळी खोडू नकोस. कूपन देणाऱ्या मुलीकडून पेन्सिल मागून मीही एक ओळ लिहिली आहे. तुझ्या शुक्रवारच्या खाली.

सुमेधा : माझा चष्मा कुठे गेला? ऋजुता, तू वाच. मला दिसत नाहीये.

ऋजुता : “मलाही. सोमवारी दहालाच निघू, माजिवड्याच्या सिग्नलला वेळ जातो.”