भिंतीबाहेरचं झाकण

नंजनगूडची बस सुटायची होती. मांडीवरच्या लेकराला थोपटत बसलेल्या मृणालिनीच्या मागच्या सीटवर एक आजी अमेरिकेतल्या लेकीशी स्पीकर लावून बोलत होत्या. शेजारी आजोबा ऐकत होते.

“ड्रायर दोनदा फिरवला तरी कपडे ओलेच? मशीन हाताला तापतं का?”

“खूप तापतं, आई.”

“मग वारा बाहेर जात नाही. आधी प्लग काढ. मशीन पुढं ओढ, मागची नळी काढ. आपल्या शिलाई मशीनच्या पोटात साचतो ना, तसा कापूस असेल. ब्रशनं काढून टाक.”

“बरं. ठेवते आता.”

“अगं, बाळाला जरा फोन दे की...”

“ठेवला तिनं, अंबू. आणि नळीच्या दुसऱ्या टोकाचं, भिंतीबाहेरचं झाकण तू सांगितलंच नाहीस. तिच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हा दर आठवड्याला तूच साफ करायचीस.”

“माहीत आहे. उद्याही कपडे वाळणार नाहीत. मग करेल फोन.”

“आणि तोवर आत कापूस पेटला म्हणजे? घरात तान्हं आहे.”

“अय्यो!”

मृणालिनीनं लेकराला छातीशी घट्ट धरलं. मागं आजींनी लेकीला पुन्हा फोन लावला.

“ऐक गं, घराबाहेर भिंतीला झाकण आहे, तिथलाही कापूस काढ. झाकण हलतं का बघ. तोवर मशीन लावायचं नाही, गोत्तायता? कळलं ना?”

“हो, आई. ठेवते.”

बस सुटली.

“सगळं सांगितलंस?”

“सगळं.”

“मग उद्या?”

“उद्या काय... वाळतील तिचे कपडे.”