सवतीच्या हातचं

(वर्धा, १९५४. दवाखान्यातला बायांचा वॉर्ड. आनंदाबाई खाटेवर. तिची सवत देवकाबाई अल्लीपूरहून दूध घेऊन आली आहे.)

आनंदाबाई : ठेव तिथं, अन् जाय घरी.

देवकाबाई : मी गेली का तुमी ते शेजारच्या खाटेवर देसान. काल बी दिलं. नर्सबाईनं सांगतलं मले.

आनंदाबाई : सात वर्सं झाले. तू घरात पाय ठेवला अन् म्या चूल अलग केली. तुह्या हातचा घोट माह्या गळ्याखाली गेला नाई. आता जाईन?

देवकाबाई : त्या चुलीवर शिजे काय? एक टाइम भाकर अन् ठेचा.

आनंदाबाई : तू खात होती ना तूप. तुहे दंड पाह्य. ह्याईची नजर हालत नाई त्याच्यावरून. जळते माहा जीव, अजून बी जळते.

देवकाबाई : तुमचा दंड डाक्तरसायबानं चिमटीत धरला तं नुसतं कातडं हाती आलं. उरातली गाठ कापता येते म्हने, पन आंगात मासच नाई, जखम भरन कशी?

आनंदाबाई : काट्यावर वजन तं चांगलं भरलं.

देवकाबाई : पाय सुजले म्हून. बोट दाबलं तं खड्डा पडला, तुमीच पाह्यला. पानी हाय ते. तीन हप्ते दूध-अंडं पोटात गेलं तं कापतो म्हने. नाई तं टेबलावर घेतच नाई.

आनंदाबाई : नोको घेऊ. तुले घर मोकळं.

देवकाबाई : कायचं मोकळं? तुमी मेल्या का तुमच्या नावाचा चांदीचा टाक बनन अन् माह्या गळ्यात येईन. सनावाराले पयला निवद तुमाले, मंग मी जेवन. आताच हे ताटावर बसले का म्हनते, आनंदाच्या हातचं वरन असं नोव्हतं. जित्या सवतीसंग भांडता येते, बाई. टाकासंग कशी भांडू?

आनंदाबाई : म्हून दूध आनतं? कीव येते म्हून नाई?

देवकाबाई : कीव यायची असती तं सात वर्सांत आली असती.

आनंदाबाई : थांब. तो निवद रांधन कोन?

देवकाबाई : मीच. घरात दुसरं कोन हाय?

आनंदाबाई : म्हंजे मेल्यावर दर सनाले तुह्याच हातचं?

देवकाबाई : पितरपाटात बी.

आनंदाबाई : ...आन ते वाटी.

देवकाबाई : घ्या. सावकाश.

आनंदाबाई : ह्याईले सांगजो नोको.