पाचांतली जागा

...नाही हो, मी चिडत नाही, स्वभावच नाही माझा तो, उभा जन्म इस्त्री फिरवण्यात गेला, घाई केली की कापड जळतं हे मला कळतं, पण तुम्हाला सांगतो, या इमारतीतल्या माणसांनी माझं पार टाळकं फिरवलंय!

जिन्याखाली माझं टेबल, टेबलाशेजारी टोपली, टोपलीत माझी नात. सहा महिन्यांची. लेक कामावर जाते, मग सांभाळणार कोण? मीच. आणि पलीकडच्या गल्लीत आला गोवर. नऊ महिने भरल्याशिवाय पोरांना गोवराची लस टोचत नाहीत म्हणे. मग तोवर हिला राखायचं कुणी? आजूबाजूच्यांनी. हे माझं शहाणपण नाही, मी सहीच्या जागी अंगठा उठवणारा. हे दवाखान्यातल्या नर्सबाईंनी अख्ख्या इमारतीला गोळा करून, जिन्यात उभं राहून सांगितलं.

बाई म्हणाल्या, रोग जेवढा पळणारा तेवढं कुंपण दाट हवं. पोलिओला शंभरातल्या ऐंशी पोरांना डोस दिला तरी निभतं. गोवराच्या पायाला मात्र भिंगरी! कुणालाच टोचलेलं नसेल तर एक पोर बारा-पंधरा जणांना वाटून येतं, ते खोलीतून गेलं तरी गोवर त्या हवेत दोन तास रेंगाळतो. म्हणून शंभरातले पंच्याण्णव हवेत. उरलेले पाच कोण? तर माझ्या नातीसारखे, ज्यांना टोचताच येत नाही. आमच्या इमारतीत पोरं वीस. म्हणजे विसांत एक. म्हणजे बसायला स्टूल एकच, आणि त्यावर माझी नात. आहे की नाही सरळ?

कसलं सरळ! लोकांनी पंच्याण्णव ऐकलंच नाही, सगळ्यांनी पाच ऐकलं!

आता तुम्हीच सांगा, एका स्टुलावर किती जण बसणार?

पहिल्या मजल्यावरच्या काकू मान तिरकी करून म्हणतात, "आजोबा, आमचा सोन्या सुईला फार भितो हो. त्याला पाचांत धरा." धरा म्हणजे? मी काय तिकिटं फाडतोय? दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब, कॉलर मऊ राहिली म्हणून एकच शर्ट तीनदा परत पाठवणारे, ते चष्मा पुसत म्हणतात, "ऐंशी टक्के झाले की पुरे." अहो साहेब, ते पोलिओचं! दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घालून कोर्टात जाता का कधी? तर म्हणे, तसेही बाकीचे टोचून घेताहेतच. बाकीचे! वरच्या मजल्यावर जुळ्यांची आई, तिलाही विचारलं, तीही म्हणाली बाकीचे आहेत ना. त्याच्या वर तेच. गुडघे धरत पार गच्चीपर्यंत गेलो हो, पण ते बाकीचे काही मला भेटले नाहीत...

आणि हीच माणसं कपडे टाकायला खाली आली की टोपलीत वाकणार, "अले अले, कोण हे" करणार, गालाला गाल लावणार. माया उतू चाललीय नुसती, पोराचा दंड तेवढा सुईपुढे करायचा नाही. एका स्टुलावर किती जण बसणार, एवढाच माझा प्रश्न, तर वर मलाच म्हणतात, आजोबा हल्ली फार चिडचिड करतात.

परवा सोन्याच्या वर्गात गोवर निघाला. लेक संध्याकाळी कामावरून आली. टोपलीतून पोरीला उचललं, दुपट्यात गुंडाळलं. मला म्हणाली, "बाबा, इथे नको." आणि गेली सासूकडे, लांब. नऊ महिने भरून, लस टोचून मगच आणीन म्हणाली. आता टोपलीत वकीलसाहेबांचे शर्ट असतात.

काल सकाळी काकू आल्या. कपडे ठेवले, टोपलीत डोकावल्या, चुकचुकल्या, डोळ्यांना पदरही लावला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणसाला पाझर फुटला. तर हळूच जवळ येऊन विचारतात, "आजोबा, मग ती पाचांतली जागा आता रिकामीच झाली ना?"

मी इस्त्री फिरवता फिरवता म्हटलं, "काकू, नंबर लावावा लागेल. तुमच्याआधी वकीलसाहेब येऊन गेलेत."