धोंडूचं पाणी

एक कप चहा पाजता आणि लढाईचं सांगा म्हणून मागे लागता, हा काय छळ आहे? नोव्हेंबरात माझ्या कोटाला लढाईत मेलेल्यांच्या आठवणीचं लाल कागदी फूल दिसलं की झालंच तुमचं सुरू.

ऐका. दुसऱ्या महायुद्धात इटलीत आमच्या गावच्या धोंडूला पोटात गोळी लागली. वाचणार नव्हता, ते दिसतच होतं. "पाणी दे रे," म्हणाला. मी बाटली उघडली, तर हवालदारानं हिसकून घेतली. "पोटाच्या जखमेला पाणी नाही! मारतोस काय त्याला?"

धोंडू माझ्या मांडीवर पाणी पाणी करतच गेला. मग बाटली परत मिळाली. मेलेल्याच्या तोंडात घातलेलं पाणी गालावरून ओघळलं.

परवा सुनेला सांगितलं. ती इथे इंग्लंडात, रीडिंग गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर. म्हणाली, "बाबा, हवालदार बरोबर होते. देत नाहीत पाणी."

म्हटलं, "जगणाऱ्याला देत नाहीत, पोरी. मरणाऱ्याला घोटभर देतात."

गावी गेलो तेव्हा धोंडूच्या आईनं पहिलं तेच विचारलं, "शेवटचं पाणी मिळालं ना रे त्याला?"

"मिळालं," म्हणालो.

हे खोटं माझ्या तोंडी घालणाऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही. तोच बाटली हिसकणारा हवालदार, गणपत साळुंखे.